वारीला निघताना पिशवीत काय घ्याल?

ज्येष्ठाचा वद्य पक्ष जवळ आला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. एरवी पत्रे येतात ती हुमणीची, बोंडअळीची, नाहीतर पीकविम्याची. या दिवसांत मात्र एखाददुसरे पत्र वारीचे असतेच. यंदाचे पहिले पत्र एका सूनबाईंचे आहे. त्यांच्या सासूबाई पासष्टीच्या. आजवर एस.टी.ने पंढरपूर करून यायच्या, यंदा मात्र गावच्या दिंडीबरोबर आळंदीपासून पायी निघायचे त्यांनी मनावर घेतले आहे. साखरेचा विकार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. सूनबाई लिहितात, ‘आत्याबाई म्हणतात, माउलींच्या वाटेवर अन्नाला काय तोटा, पिशवीत काही भरू नको. मला मात्र झोप लागत नाही. बरोबर काय द्यावे ते कळवा.’

हा प्रश्न पिकाचा नाही, मग शेतकी खात्याच्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण पिशवीत जे भरायचे ते आपल्याच रानात पिकते, आणि या बाबतीत एकदा मी स्वतःच सपशेल चुकलो आहे. तेव्हा उत्तर द्यायला माझी हरकत नाही.

सूनबाई, तुमची काळजी रास्त आहे, आणि सासूबाई म्हणतात तेही खोटे नाही. वाटेवर अन्नाला तोटा नसतो. पुणे सोडल्यापासून पार वाखरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक पातेली घेऊन उभे असतात. चहा, बिस्किटे, केळी, शिरा, पोहे, भजी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू. कोणी हातात ठेवतो, कोणी पिशवीत कोंबतो. दारावरून जाणारा वारकरी उपाशी जाऊ द्यायचा नाही, हा त्या गावांचा धर्मच आहे. पण पोट म्हणजे काही कणगी नव्हे, की आले ते ओतत जावे. हे अन्न भूक लागेल तेव्हा मिळेलच असे नाही, आणि मिळते ते बहुधा गोड किंवा तळलेले. आपण शेतकरी माणसे. सकाळची न्याहारी, दुपारची भाकरी, दिवेलागणीचे जेवण, असे पोटाला वर्षानुवर्षांचे वळण लागलेले असते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या वाटेवर अठरा-वीस दिवस ते वळण मोडले की शरीर कुरकुर करू लागते. निरोग्याचे पोट बिघडते, एवढ्यावर भागते. साखरेच्या रुग्णाचे मात्र जिवावर बेतू शकते.

२०२३ साली मी रजा काढून गावच्या दिंडीत चाललो. बरोबर माझे चुलते होते, अण्णा. वय ६७, वारी विसावी की एकविसावी, आणि साखरेची गोळी सुरू होऊन तीन वर्षे झालेली. ते साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. मी गावोगाव ज्वारी-बाजरी-नाचणीचे गुण गात फिरत होतो. आणि माझ्या स्वतःच्या पिशवीत काय होते म्हणाल, तर बिस्किटांचे चार पुडे!

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, नवमीला पुण्यात येते आणि दोन रात्री तिथे राहते. म्हणजे पुण्याचा मुक्काम हलतो तो बहुतेक वर्षी एकादशीला. वारीतल्या सर्वांत लांब मजलींपैकी ही एक. सासवडपर्यंत तीस किलोमीटरच्या पुढेच चाल पडते, मध्ये दिवे घाटाची चढण, आणि नेमका त्याच दिवशी उपास. जुन्या वारकऱ्यांना याची सवय असते. पण जुना वारकरी म्हातारा होतो, त्याला गोळी सुरू होते, आणि सवय मात्र तीच राहते.

त्या वर्षी ही मजल १४ जूनला आली. पाऊस लांबलेला, पेरण्या खोळंबलेल्या, ऊन वैशाखातले. पहाटे साडेतीनला आम्ही उठलो. ‘अण्णा, गोळी घेतली का? चुकवायची नाही हं,’ असे बजावणारा मीच. त्यांनी गोळी घेतली, वर एक केळे आणि कपभर बिनसाखरेचा चहा. हडपसरला खिचडीच्या पातेल्यापुढे ही मोठी रांग. अण्णांना रांगेत तिष्ठणे कधी जमले नाही. ‘वडकीला बघू,’ म्हणाले. वडकीला पोहोचलो तेव्हा ऊन असे चढले होते की त्यांना काही खावेसेच वाटेना. दोन घोट पाणी पिऊन ते झाडाखाली आडवे झाले. मला वाटले, विसावा घेताहेत, घेऊ देत.

घाट चढताना दुसऱ्या वळणावर अण्णांचा टाळ चुकू लागला. ज्यांच्या टाळावर दिंडीतली पोरे ठेका धरायला शिकली, त्यांचा टाळ चुकतो म्हणजे काय? मी वळून पाहिले. घामाने अंग डबडबलेले, हात थरथरत होते, आणि विचारले तर भलतेच बोलत होते. बैल सोडलेत का, असे मला विचारले. मी समजलो, ऊन लागले. त्यांना कडेला बसवून डोक्यावर पाणी ओतू लागलो. तेवढ्यात आमच्या भावकीतल्या एक काकू मागून आल्या. त्यांच्या घरी हाच विकार, म्हणून त्यांची नजर तयार होती. ‘अरे बाबा, पाणी काय ओततोस डोक्यावर! साखर उतरली हाय त्यांची,’ असे म्हणत त्यांनी कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला. ‘अण्णा, गिळता येतंय का?’ अण्णांनी मान हलवली. मग काकूंनी गूळ बारीक करून, पाण्याच्या घोटाबरोबर थोडा थोडा चारला. दहा-पंधरा मिनिटांनी अण्णांनी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, ‘कुठवर आलो?’ ते उठू लागले तर काकूंनी उठू दिले नाही. आधी मूठभर शेंगदाणे खायला लावले, मगच हात दिला. माझ्या पिशवीतले चार पुडे तेवढ्या वेळात मला एकदाही आठवले नाहीत!

यात गोळीचा दोष नव्हता, उपासाचाही नव्हता. साखरेवरच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो वा नसो, त्या रक्तातली साखर खाली ओढतच राहतात. इन्सुलिनचेही तसेच. त्यात चालण्याने साखर आणखी खर्ची पडते. घरी जी गोळी बरोबर बेतलेली असते, तीच घाटात उपाशीपोटी जास्त ठरते. ‘गोळी चुकवू नका’ हे मी अर्धेच सांगितले होते. ‘गोळीनंतर वेळेवर खा’ हे उरलेले अर्धे माझ्या तोंडून निघालेच नाही.

म्हणून सूनबाई, पिशवी भरण्याआधी सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचे त्या दिवसांत गोळी किती घ्यायची, आणि एकादशीला काय करायचे. मध्ये एक आणि पंढरपुरात एक अशा दोन एकादश्या येतात, हेही सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. रक्तदाबाच्या गोळीचेही विचारून घ्या, कारण घाम फार गेला की त्या गोळीनेही भोवळ येऊ शकते. साखर तपासायचे छोटे यंत्र घरात असेल तर बरोबर द्या. आकडा ७० च्या खाली दिसला, किंवा यंत्र नसताना घाम, थरथर, एकदम लागलेली भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले, तर थांबायचे. तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ द्यायचा, पंधरा मिनिटे बसायचे, उतार नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. बरे वाटले की भाकरी, फुटाणे, शेंगदाणे असे काहीतरी टिकाऊ खायचे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा, नाहीतर वाटेवरच्या आरोग्य पथकाला हाक मारायची.

हा गूळ कुठे ठेवायचा, यालाही महत्त्व आहे. मोठी वळकटी आणि पिशव्या दिंडीच्या ट्रकात असतात, आणि ट्रक भेटतो तो मुक्कामावर. घाटात ट्रक उपयोगाचा नाही. तेव्हा कमरेला किंवा खांद्याला अडकवायची एक लहान पिशवी शिवा. तिच्यात गूळ, फुटाणे, दिवसाची औषधे, आणि एका कागदावर नाव, गाव, विकार, चालू गोळ्या व घरचा फोन नंबर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. कागद तेवढा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसाचा भरवसा नाही.

आता उपासाचे. उपास करू नका असे मी म्हणणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि गोळीवाल्यांनी तो डॉक्टरांना विचारून सोडवावा. पण उपासाला काय खायचे यावर शेतकी खात्याच्या माणसाला बोलता येते. साबुदाणा कशाचा होतो, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. तो तमिळनाडूत सेलमच्या बाजूला होणाऱ्या एका कंदाच्या सत्त्वाचा असतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात प्रथिने एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, नुसता पिष्ट पदार्थ. खिचडीत जो काही दम असतो तो शेंगदाण्याचा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणून खिचडी करणाऱ्या अन्नदात्यांना माझी विनंती आहे की साबुदाणा थोडा कमी घाला आणि कूट सढळ हाताने घाला. राजगिऱ्यात प्रथिने बरी असतात, त्याचा लाडू किंवा भाकरी साबुदाण्यापेक्षा केव्हाही सरस. (गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, रताळे, बटाटा, मिरची आणि राजगिरा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या उपासाच्या ताटात अस्सल देशी म्हणावी अशी उरते ती भगर.)

भगरीबद्दल मात्र सावध राहा. उपासाच्या दिवशी भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दोष भगरीचा नव्हे, साठवणीचा. दमट हवेत भगरीवर, त्यातही तिच्या पिठावर, बुरशी चढते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसतेच असे नाही. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. बंद पाकिटातली भगर तारीख पाहून घ्या, निवडा, धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि पीठ हवे असेल तर लागेल तेवढेच घरी दळा. महिनाभर आधी दळून ट्रकात टाकलेले पीठ आषाढीपर्यंत वापरायचे, हा उद्योग दिंडीतल्या स्वयंपाक्यांनी बंद करावा. शेंगदाण्याचेही तेच. सुरकुतलेला, काळपट-हिरवट किंवा कडवट दाणा निवडून फेकून द्या. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. असा दाणा जनावरांच्या पेंडीतही ढकलू नका.

आता शिदोरी. अठरा दिवसांची शिदोरी कोणी बांधून देऊ शकत नाही, त्याची गरजही नाही. दिंडीत भिशी भरली की दोन वेळचे जेवण मिळते. शिदोरी लागते ती मधल्या वेळांसाठी. पहाटे निघाल्यापासून सकाळच्या जेवणापर्यंत चार-पाच तास जातात, आणि दुपारच्या चालीत तितकेच.

पहिल्या दिवसांसाठी दशम्या द्या. ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे, थोडे तूप लावून मंद आचेवर नीट भाजायचे. दीड-दोन दिवस मऊ राहतात. साखरेच्या रुग्णाला गुळाच्या दशम्या नकोत, मिठाच्या द्या. कांद्याची धपाटी त्याच दिवशी संपवा. पुढच्या दिवसांसाठी सोलापूरकडची कडक भाकरी उत्तम. पातळ थापून, भाजून, पार कडक होईपर्यंत शेकलेली ही भाकरी ओल लागली नाही तर आठवडे टिकते. माल टिकतो की नासतो हे पाण्याच्या अंशावर ठरते. बियाणे साठवताना आपण हेच पाहतो, मग भाकरीला वेगळा नियम कशाला? म्हणून भाकरी गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. वाफ आत कोंडते, तिचे पाणी होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधा. वर शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसूण चालत असेल तर लसूण घालून. चटणीत पाण्याचा थेंब नको, ओला चमचाही नको.

बाकी सगळे कोरडे. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, मेतकूट. फुटाण्यांना आपण गरिबाचा खाऊ समजतो, पण प्रथिनांत ते शेंगदाण्याच्या जवळपास बसतात आणि साखर एकदम चढवत नाहीत. मजलीच्या पहिल्या टप्प्यात एक मूठ, दुसऱ्या टप्प्यात एक मूठ, एवढे पुरते. घरी सातूचे पीठ करत असाल, गहू भाजून त्यात डाळवे घालून दळलेले, तर तेही द्या. ताकात किंवा पाण्यात कालवले की न्याहारी झाली. पाणी मात्र खात्रीचे हवे. हे सगळे आळंदीपासून लादून न्यायची गरज नाही. पाच-सहा दिवसांचे द्या, पुढे जेजुरी, लोणंद, फलटण ही बाजाराची गावे लागतात, तिथे फुटाणे-दाणे मिळतात. घरचे कोणी मध्ये भेटायला जाणार असेल तर पेढे नेऊ नका, भाकरी न्या.

आणि वाटेवर हातात येणाऱ्या प्रसादाचे काय? नाही म्हणवत नाही, ही खरी अडचण. अण्णांनी यावर तोड काढली आहे. प्रसादाला हात पुढे करायचा, कपाळाला लावायचा, चिमूटभर तोंडात टाकायचा आणि उरलेला मागच्या पोराला द्यायचा. देणाराही खूश, पोरगेही खूश. कापून ठेवलेली फळे, उघडी मिठाई, बासुंदी आणि सकाळपासून पातेल्यात पडलेली खिचडी यांना मात्र लांबूनच नमस्कार. गरम, डोळ्यांदेखत उतरवलेले असेल ते खा. केळे सर्वांत निर्धोक, त्याला देवानेच वेष्टन दिले आहे. दिंडीप्रमुखांनीही एक पाहावे. रात्री उरलेला भात झाकून ठेवून पहाटे फोडणी द्यायची रीत मोडून टाकावी. त्या उकाड्यात तो भात रात्रीतच नासतो; वास येत नाही एवढेच, आणि परतल्याने त्यातले विष जात नाही. समाजआरती झाली की लगेच जेवण उरकावे. रात्री अकराला जड जेवून पहाटे तीनला उठणाऱ्याचे पोट कसे साफ राहील?

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एकोणिसाव्या शतकात यात्रा-जत्रांबरोबर पटकी गावोगाव पोहोचायची. यात्रा पांगली की रोग घरोघर. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात तिचा जंतू निश्चित केला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले. आता पालखीमार्गावर टँकर असतात, पाण्यात क्लोरीन टाकतात, तरी टँकरपासून तोंडापर्यंतच्या मध्ये बादली येते, तांब्या येतो, कोणाचे तरी हात येतात. आपली बाटली आपणच तोटीखाली भरा. शंका आली तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबून मगच प्या. नीरेत स्नान करा, चंद्रभागेत करा, पण ते पाणी पिऊ नका. तीर्थ डोळ्यांना लावले तरी पोहोचते.

दुसरी गोष्ट बायकांची आहे, आणि ती पुरुषांनीही वाचावी. दिंडीतल्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. कारण उघड आहे. आडोसा कुठे मिळणार? सकाळी घोटभर, मग थेट मुक्कामावर. त्याने डोके दुखते, पायांत गोळे येतात, लघवीला जळजळ होते, आणि आम्ही म्हणतो, चालण्याने झाले. अलीकडच्या वर्षांत मुक्कामांवर आणि वाटेत फिरती स्वच्छतागृहे ठेवली जातात. ती कुठे आहेत हे दिंडीतल्या एका जाणत्या बाईने आदल्या रात्री विचारून ठेवावे, आणि विसावा तिथे जवळ घ्यावा. हे काम विणेकऱ्यांच्या किंवा दिंडीप्रमुखांच्या कानावर घालायला लाजू नका. पाणी एकदम तांब्याभर नको, अर्ध्या तासाला काही घोट. पुरेसे होते की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते. सुक्या गवतासारखा फिका रंग असेल तर ठीक, चहासारखा झाला तर कमी पडते आहे.

जुलाब लागलेच तर क्षारसंजीवनीचे पाकीट. हे औषध कसे घराघरात पोहोचले, ते सांगण्यासारखे आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायच्या सलाइनचा तुटवडा पडला. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी ते पाणी पाजले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पाकीट जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप नीट घ्या. पाणी डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून द्या आणि दुसरे करा. जुलाब झालेल्या साखरेच्या रुग्णानेही हे पाणी घ्यावे आणि वेळ न घालवता आरोग्य पथक गाठावे. ‘साखर आहे, म्हणून साखरपाणी नको’ असे या वेळी म्हणू नये.

पायांचे थोडक्यात. आम्ही रानात दिवसभर चालतो, आम्हाला सरावाची काय गरज, असे आपले लोक म्हणतात. रानातली माती पायाखाली दबते, डांबर दबत नाही. निघण्याआधी पंधरा दिवस रोज पहाटे सडकेवर चाला. तीन किलोमीटरपासून सुरुवात करून आठ-दहापर्यंत न्या, आणि वारीत घालायच्या पादत्राणांतच चाला. कोरी चप्पल वारीत घालणे म्हणजे नवा बैल थेट शर्यतीला जुंपणे. सुती मोजे दोन जोड. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ धुऊन झाका. साखरेच्या रुग्णाचे पाय बधिर असू शकतात, खडा टोचला तरी कळत नाही. म्हणून सासूबाईंनी रोज रात्री तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत, आणि अनवाणी चालायचा नवस केला असेल तर माउलींची क्षमा मागून तो मागे घ्यावा. शेकायला गरम पाणी घ्यायचे तर आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे. बधिर पायाला चटका समजत नाही.

पंढरपुराहून परततानाची एक चूक पुष्कळांची होते. वारीभर सांभाळलेले पोट परतीच्या एस.टी.च्या थांब्यावर बिघडते. वारी झाली, एकादशी सुटली, आता काय, म्हणून वडापाव, भेळ आणि उसाचा थंडगार रस. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, ते देव जाणे. घरी पोहोचेपर्यंत शिदोरीची पिशवी रिकामी करू नका.

२०२४ साली अण्णा पुन्हा आले. आधी डॉक्टरांकडे जाऊन आले होते, एकादशीचे औषध बदलून घेतले होते. दिवे घाटाची मजल २ जुलैला, एकादशीलाच आली. सकाळी सहाला राजगिऱ्याची भाकरी, नऊला मूठभर दाणे, वडकीला ताक आणि उकडलेले रताळे, सगळे घड्याळ लावल्यासारखे. मी मात्र चोपदारांशी बोलण्याच्या नादात काहीच खाल्ले नव्हते. दुसऱ्या वळणावर अण्णा थांबले, माझ्याकडे निरखून पाहिले, कमरेची पिशवी सोडली आणि म्हणाले, ‘घाम फार आलाय तुला. घे, गूळ खा.’